टेबलक्लॉथवरचं पॅन कार्ड : एका सोसायटीतून निसटलेल्या माहितीचं प्रकरण

कल्याण-डोंबिवलीच्या बाजूची, ८४ फ्लॅटची एक सहकारी गृहनिर्माण संस्था. मी तेव्हा समितीत खजिनदार होतो, आणि ज्या फॉर्मपासून हे सगळं सुरू झालं तो फॉर्म मीच बनवला होता. तेव्हा हे त्रयस्थाचं टिपण समजू नये. ज्यांना त्रास झाला त्या सभासद बाईंना इथे काकू म्हणतो. सोसायटीत सगळे तेच म्हणतात. त्या निवृत्त शिक्षिका, वय तेव्हा ६७. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत.

पार्श्वभूमी

जून २०२३मध्ये पोलिस ठाण्यातून निरोप आला की भाडेकरूंची माहिती अद्ययावत करा. हे काम खरं तर फ्लॅटमालकाचं. पण आमचे बरेच मालक बाहेरगावी, कुणी दुबईला, कुणी बंगळुरूला. फोन लावला तर ‘तुम्हीच बघा ना’ म्हणतात. समितीने ठरवलं की सोसायटीच गोळा करेल. मग बैठकीत कुणीतरी म्हणालं, भाडेकरूंचं घेतोच आहोत तर सभासदांचंही घेऊन टाकू, नोंदवही कितीतरी वर्षांत कुणी उघडलेली नाही.

मी रात्री बसून गुगल फॉर्म केला. नाव, फ्लॅट नंबर, मोबाइल, गाडीचा नंबर, आधारचा फोटो, पॅनचा फोटो. सभासदांचं पॅन कशाला हवं, हा प्रश्न बैठकीत कुणी विचारला नाही आणि मलाही पडला नाही. ‘असू दे, कधी लागलं तर’ एवढंच त्यामागचं कारण.

८४पैकी ७१ घरांनी माहिती दिली. ज्येष्ठ मंडळींना फॉर्म भरता येईना, त्यांनी फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले आणि मी ते फोल्डरमध्ये टाकले. काकू त्यांतल्याच. अध्यक्ष, सचिव आणि ऑफिसातला मुलगा अशा तिघांना फोल्डर बघायचं होतं. एकाला ईमेल आठवेना, दुसऱ्याचं उघडेना. शेवटी वैतागून मी ‘लिंक असलेल्या कुणालाही पाहता येईल’ हा पर्याय निवडला आणि लिंक समितीच्या ग्रुपवर टाकली. दोन दिवसांनी अध्यक्षांनी तीच लिंक सोसायटीच्या मोठ्या ग्रुपवर पुढे ढकलली: ‘कोणाचे बाकी आहे ते यात बघून घ्यावे.’ त्या ग्रुपवर १४०च्या आसपास नंबर होते. त्यात फ्लॅट सोडून गेलेले भाडेकरू, दोन इस्टेट एजंट, प्लंबर आणि केबलवालाही.

ती लिंक आठ महिने उघडी होती. कुणी तक्रार केली नाही, कारण कुणाला त्यात वावगं दिसलंच नाही.

काय घडलं

फेब्रुवारी २०२४मधली एक दुपार. वॉचमनने इंटरकॉमवर काकूंना सांगितलं, “मॅडम, तुमच्याकडे फायनान्सवाला आलाय.” काकूंना वाटलं पत्ता चुकला असेल. त्या खाली गेल्या तर मुलाच्या हातातल्या यादीत त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट पॅन, आणि आमच्या इमारतीचा पत्ता. नोव्हेंबर २०२३मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, एका दुकानातून हप्त्यावर मोबाइल घेतलेला. ४,५८३ रुपयांचे बारा हप्ते, त्यांतले तीन थकलेले. एकूण कर्ज ५४,९९६. काकूंच्या हातातला फोन आठ हजारांचा होता आणि त्याचीही काच फुटलेली.

मुलगा उद्धट नव्हता. “मॅडम, तुमचं नसेल तर ऑफिसला लिहून द्या, मला फक्त रिपोर्ट टाकायचाय,” म्हणाला. पण हे सगळं गेटवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर. पस्तीस वर्षं शाळेत फीची पावती फाडलेल्या बाईला थकबाकीदार म्हणून स्वतःच्या गेटवर उभं राहावं लागलं, याचा धक्का त्यांना पैशांपेक्षा जास्त बसला.

यात आणखी एक गुंता होता. काकूंची मुलगी याच परिसरात फ्लॅट घेत होती, आईचं नावही करारात घालायचं होतं. सहमालक असेल तर बँक त्याला कर्जात सहअर्जदार करते, आणि सहअर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे त्याच्या नावावरच्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, बघते. टोकन म्हणून एक लाख दिले होते आणि विकणाऱ्याने ३१ मार्चपर्यंतची मुदत दिली होती. बँकेने फाइल थांबवली.

पुरावा काय होता

हा भाग सविस्तर सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय याच्यावर ठरले.

काकूंनी फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करून कर्जाची कागदपत्रं मागितली. तीन आठवड्यांनी प्रती आल्या. आधारची झेरॉक्स, पॅनची झेरॉक्स, दुकानात काढलेला ग्राहकाचा फोटो. फोटोत तिशीतली, काकूंनी कधी न पाहिलेली एक बाई. मोबाइल नंबर वेगळा. आधारच्या झेरॉक्सवरचा चेहरा इतका काळा की कुणाचाही असू शकेल. आणि दोन्ही झेरॉक्सवर शिक्का: ‘ओरिजिनल सीन अँड व्हेरिफाइड’, खाली सही. मूळ आधार आणि मूळ पॅन काकूंच्या गोदरेजच्या कपाटात, लॉकरच्या कप्प्यात होतं. ते घराबाहेर गेलंच नव्हतं.

मी प्रती चाळत होतो. काकूंनी पॅनच्या कागदावर बोट ठेवलं. “हे बघ.” कार्डाच्या डाव्या कडेला, झेरॉक्समध्ये करडी दिसणारी, चौकडीची पट्टी होती आणि तिच्यात अर्ध्या सूर्यफुलाची पाकळी. त्यांच्या जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड. पॅन टेबलावर ठेवून त्यांनी जो फोटो काढला होता, तोच हा. तोच त्यांनी मला पाठवला होता.

मी फोन काढून जूनमधला त्यांचा मेसेज उघडला. तीच पाकळी.

आता एवढ्यावर मामला स्पष्ट झाला असं वाटेल. पण काकूंनीच सांगितलं की तो फोटो त्यांनी आणखी दोन ठिकाणी पाठवला होता: गॅस एजन्सीच्या मुलाला आणि एका विमा एजंटला. म्हणजे फोटो तीन दारांतून बाहेर गेला होता. आमचं दार सताड उघडं होतं, बाकीच्या दोन दारांचं काय, आम्हाला माहीत नव्हतं. उघड्या लिंकवरून फोल्डर कुणी पाहिलं याची नावानिशी नोंद आमच्याकडे उरत नव्हती. लिंकने येणारा माणूस निनावीच येतो.

समोरचे पर्याय

समितीची तातडीची बैठक झाली. चार मतं होती.

काकूंचे जावई म्हणाले, तीन हप्त्यांचे १३,७४९ भरून टाका, उरलेलंही एकरकमी फेडा, ना-हरकत दाखला घ्या आणि गृहकर्ज मोकळं करा. हिशेबाने बघितलं तर वेडं मत नव्हतं. पंचावन्न हजार भरले तर टोकनचे एक लाख वाचणार होते. पण भरलं की कर्ज आपलं असल्याचं मान्य केल्यासारखं, आणि रिपोर्टवर ‘उशिरा फेडलं’ ही नोंद राहणार ती राहणारच.

सचिवांचं म्हणणं, फोल्डर उडवा आणि गप्प बसा. आपल्याकडूनच गेलं हे कुठे सिद्ध झालंय?

आमच्या इमारतीतल्या एका वकील सभासदांनी सांगितलं, पोलिसांत तक्रार द्या, रिपोर्टवर हरकत घ्या, आणि नुकसानभरपाई हवी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकाऱ्यापुढे जा. हे अधिकारी म्हणजे राज्याचे माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव. पाच कोटींपर्यंतच्या दाव्याचा त्यांना अधिकार आहे.

चौथं मत माझं होतं, आणि ते मी उशिरा मांडलं: ७१ घरांना सांगायला हवं. काकूंचा फोटो गेला असेल तर बाकीच्यांचाही गेला असेल.

काय केलं

पहिली चूक त्याच रात्री झाली. सचिवांनी बैठकीनंतर फोल्डर डिलीट केलं. हेतू वाईट नव्हता, घाबरले होते. सकाळी मी ड्राइव्हच्या ट्रॅशमधून ते परत काढलं. तिथे फाइल ३० दिवस राहते म्हणून वाचलो. आधी लिंक बंद केली. लिंक टाकलेल्या दोन्ही मेसेजचे, तारीख-वेळ दिसेल असे, स्क्रीनशॉट घेतले. मालकी आणि तारखांचा तपशील छापून घेतला. पोलिसांनी पुढे या प्रिंटबरोबर पुरावा कायद्याच्या ६५बी कलमाचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या खरेपणाचं, प्रमाणपत्र मागितलं तेव्हा ते माझ्या सहीने देता आलं. फोल्डर गेलं असतं तर आमच्या हातात फक्त काकूंचं मेणकापड होतं.

पोलिस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “तुमच्या खात्यातून पैसे गेलेत का?” गेले नव्हते. १९३० या हेल्पलाइनचा उपयोग खात्यातून निघालेले पैसे वाटेत अडवायला होतो. इथे अडवायला काही नव्हतं. आधी राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, मग लेखी अर्ज दिला. दोन फेऱ्यांनी काम झालं नाही. तिसऱ्या फेरीत काकू स्वतः आल्या, फायनान्स कंपनीच्या कागदातला त्या अनोळखी बाईचा फोटो टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, “साहेब, ही मी आहे का सांगा.” गुन्हा नोंदला गेला: भारतीय दंड संहितेची ४१९ आणि ४२० कलमं, माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी. ६६सी म्हणजे दुसऱ्याची ओळख चोरून वापरणं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

रिपोर्टचं प्रकरण जास्त चिवट निघालं. देशात चार क्रेडिट माहिती कंपन्या आहेत, प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. काकूंनी आयुष्यात एकदाही मागवला नव्हता. खरं सांगायचं तर मीही नाही. हरकत नोंदवली, सव्वीस दिवसांनी उत्तर आलं की ‘कर्ज देणाऱ्या संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे’. म्हणजे ज्याने न बघता शिक्का मारला, त्यालाच विचारून शिक्का बरोबर ठरवला. कर्ज देणाऱ्या संस्थेने होकार दिल्याशिवाय क्रेडिट माहिती कंपनी नोंद बदलत नाही. तेव्हा दार त्या संस्थेचंच ठोठावायला हवं होतं. तिथे एफआयआरच्या प्रतीसह पुन्हा लिहिलं, ३० दिवस थांबलो, समाधान झालं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार टाकली. तक्रार दाखल झाल्याचा नंबर कळवला आणि नऊ दिवसांत संस्थेचा फोन आला.

आणि ७१ घरं? त्यावर समितीत तीन आठवडे घोळ चालला. ‘लोक घाबरतील’, ‘आपल्यावर केस होईल’, ‘निवडणूक आहे’. शेवटी मी राजीनाम्याची भाषा केली तेव्हा नोटीस लागली, तीही गुळमुळीत: ‘काही तांत्रिक कारणास्तव माहिती इतरांना दिसण्याची शक्यता’. त्या तीन आठवड्यांत कुणी आपला रिपोर्ट तपासला असता, आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर बघितलं असतं. नोटीस वाचून आणखी एका भाडेकरूने रिपोर्ट काढला, त्याच्या नावावर दोन कर्जचौकश्या होत्या ज्या त्याने केलेल्या नव्हत्या. कर्ज मात्र निघालं नव्हतं.

कायदा कुठे होता

या काळात लोक मला हमखास एक वाक्य ऐकवत: ‘आपल्याकडे कायदेच नाहीत, कडक कायदा हवा.’ वस्तुस्थिती थोडी वेगळी, आणि जास्त चीड आणणारी आहे.

ऑगस्ट २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३ए हे कलम होतंच: माहिती निष्काळजीपणे सांभाळून कुणाचं नुकसान केलं तर भरपाई द्या. वकिलांनी ते आमच्या प्रकरणाला लावून बघितलं. पहिली अट, सांभाळणारा ‘बॉडी कॉर्पोरेट’ हवा, म्हणजे कंपनी, पेढी किंवा व्यापारी-व्यावसायिक काम करणारा गट. गृहनिर्माण सोसायटी त्यात बसते का, यावरच सहा महिने वाद घालता येईल. दुसरी अट, माहिती ‘संवेदनशील’ हवी. २०११च्या नियमांत तिची यादी आहे: पासवर्ड, बँक खातं आणि कार्डांसारखी आर्थिक माहिती, आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक. आधार क्रमांक आणि पॅन त्यात नावाने नाहीत. ज्या दोन कागदांवर देशात सिम मिळतं, कर्ज मिळतं, तेच त्या यादीबाहेर. तिसरी अट, नुकसान आमच्याच निष्काळजीपणामुळे झालं हे दाखवायचं. आणि फोटो तर तीन दारांतून गेलेला. काकूंनी दावा केला नाही. “मंत्रालयाच्या खेपा घालायला माझे गुडघे कुठे आहेत रे?” म्हणाल्या.

नव्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर ११ ऑगस्ट २०२३ला राष्ट्रपतींची सही झाली. काकूंच्या नावावर कर्ज निघालं तेव्हा कायदा तीन महिन्यांचा होता आणि त्याचं एकही कलम लागू नव्हतं. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. माहिती सांभाळणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७मध्ये लागू व्हायच्या आहेत.

त्या लागू झाल्यावर आमच्यासारखी सोसायटी सुटणार नाही, असं मी तरी वाचतो. घरगुती कामासाठी स्वतःजवळ माहिती ठेवणाऱ्या व्यक्तीला सूट आहे, संस्थेला नाही. कारण सांगूनच माहिती घ्यायची, कारण संपलं की पुसायची. फुटली तर संबंधितांना विनाविलंब कळवायचं, या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत सविस्तर. आमच्या तीन आठवड्यांच्या घोळाला हे नेमकं उत्तर आहे, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे. सुरक्षा न पाळल्यास दंड अडीचशे कोटींपर्यंत. आकडा ऐकून छाती दडपते. पण तो दंड भारताच्या एकत्रित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होतो. ज्याची माहिती गेली त्याला भरपाईची तरतूद या कायद्यात नाही. आणि जुनं ४३ए, ज्यात निदान भरपाईचा शब्द होता, ते याच कायद्याने वगळलं जाणार आहे. शिवाय माणसाने आधी त्या संस्थेकडेच तक्रार करायची, मग मंडळाकडे जायचं. आणि तक्रार खोटी किंवा निरर्थक ठरली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड. हे कलम काकूंना वाचून दाखवलं तेव्हा त्या हसल्या.

म्हणून कायदा ‘कडक’ हवा का या प्रश्नाला माझ्यापुरतं उत्तर असं: दंडाचा आकडा पुरेसा मोठा आहे. कमी आहे ती वाट. ६७ वर्षांच्या बाईला जिल्ह्याच्या ठिकाणी, वकिलाशिवाय, पन्नास हजारांचं नुकसान मागता येईल अशी. ती जुन्या कायद्यात अरुंद होती, नव्यात बुजवली आहे.

निष्पत्ती

जुलै २०२४मध्ये कर्जाची नोंद काकूंच्या रिपोर्टवरून निघाली. फायनान्स कंपनीने लेखी कळवलं की ‘सदर कर्ज आपले नसल्याचे मान्य करण्यात येत आहे’. दिलगिरीचा शब्द त्यात नव्हता. शिक्का मारणारा प्रतिनिधी नोकरी सोडून गेला होता. फोटोतली बाई माझ्या माहितीप्रमाणे अजून सापडलेली नाही.

फ्लॅटची मुदत ३१ मार्चला उलटून गेली होती. विकणाऱ्याने टोकनपैकी पन्नास हजार परत दिले, पन्नास ठेवून घेतले. मुलीने नंतर दुसरा फ्लॅट घेतला, थोडा महाग.

आज पुन्हा करायचं झालं तर

पॅन मागितलंच नसतं. भाडेकरूचा करार आणि पोलिसांना माहिती दिल्याची पोच मालकाने आणून दाखवावी, एवढं पुरलं असतं. आधार डोळ्यांनी बघून नोंदवहीत खूण करता येते, फोटो ठेवायची गरज नसते. ठेवायचंच असेल तर फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार आहे. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने झेरॉक्स कुणालाही देऊ नका, मास्क्ड द्या असं सांगितलं आणि गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत ते निवेदन मागे घेण्यात आलं, ही आपल्याकडची गंमत.

झेरॉक्सवर आडवं ‘फक्त सोसायटी नोंदीसाठी’ असं कारण आणि तारीख पेनने लिहिण्याची सवय काकूंना आता लागली आहे. विम्याच्या कागदावरही लिहितात, एजंट कुरकुरतो.

सगळ्यात मोठा बदल केला असता तो वेळेचा. पाकळी दिसली त्याच संध्याकाळी ७१ घरांना स्पष्ट शब्दांत कळवायला हवं होतं. आम्ही दोष सिद्ध होण्याची वाट बघत बसलो.

गेटवर अजून वही आहे. येणारा प्रत्येक जण नाव, मोबाइल आणि कुणाकडे आलो ते लिहितो, आधीच्या वीस जणांचं वाचत वाचत. दोनदा विषय काढला. वॉचमन म्हणतो, “साहेब, मग मला कळणार कसं कोण आलं होतं?”

सप्टेंबर २०२४च्या वार्षिक सभेत मी ठराव मांडला की टोकनमध्ये गेलेले पन्नास हजार सोसायटीने काकूंना द्यावेत. दीड तास चर्चा झाली. आपल्याकडूनच गेलं हे कुठे सिद्ध झालंय, हा मुद्दा तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा मांडला. काकू मागच्या रांगेत बसल्या होत्या, बोलल्या नाहीत. इतिवृत्तात नोंद आहे: ‘सदर विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.’ त्यानंतरच्या सभेत गणसंख्या भरली नाही. तहकूब सभा अर्ध्या तासाने झाली, तेव्हा विषयपत्रिकेवर लिफ्टचं कंत्राट पहिलं होतं.